भावेशची मधली सुट्टी

चहा बशीत ओतायचा आणि बोलत बसायचा. मग बशी ओठाला लावून म्हणायचा, गार झाला.

दुसऱ्याचा मोबाइल हातात आला की आधी शर्टाच्या टोकाने काच पुसायचा.

कोणाच्याही घरी गेला तरी चपला दाराकडे तोंड करून काढायचा. उठलं की सरल निगायचं, असं त्याचं म्हणणं.

टाइप करताना त्याचे ओठ हलायचे. वाक्य संपलं की दोन टिंबं द्यायचा. एक कधीच नाही.

भांडण पेटलं की पाणी मागायचा. ज्याच्याशी भांडण त्याच्याकडेच.

हळदीला नाचायला सगळ्यांच्या आधी उतरायचा आणि जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसायचा.

चामटोलीच्या भावेश भोईरविषयी प्रज्वलला एवढं सहज सांगता आलं असतं. कोणी विचारलं मात्र नव्हतं. वकिलातीच्या मदत क्रमांकावरच्या बाईंनी विचारलं ते वेगळंच होतं. पूर्ण नाव, जन्मतारीख, पारपत्राचा क्रमांक, शेवटचं बोलणं कधी झालं.

दोघं उल्हासनगरच्या कॉलेजात एका बाकावर बसत. प्रज्वल मराठी घेऊन एम. ए. झाला. भावेशने कॉमर्स मध्येच सोडलं. प्रज्वलचं घर कात्रपला, मूळचे साताऱ्याकडचे. आगरी बोली त्याला भावेशने शिकवली, शिव्यांपासून सुरुवात करून. भावेशच्या पणज्याने मिठागरात काम केलेलं. बाप नाथा भाजी लावायचा. पोराने आधी उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात लेबलं लावली, मग अंबरनाथला एका कंपनीच्या गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची नोंद केली. कात्रपच्या क्लासात टायपिंग शिकला. हात एवढा चालायला लागला की क्लासवाल्या मॅडम नव्या मुलांना त्याच्यामागे उभं करायच्या.

तेच टायपिंग त्याला घेऊन गेलं. परदेशात डेटा एन्ट्री, राहायची सोय, जेवण फुकट. एजंट गोड बोलायचा. विमान एका देशात उतरलं आणि रात्रीच्या गाडीने त्याला नदीपलीकडे दुसऱ्याच देशात नेलं. मग त्याचा फोन लागेना.

*

पुढचा निरोप आला तो लिसाकडून.

प्रज्वल अंबरनाथ पूर्वेला केबल-इंटरनेटच्या ऑफिसात काम करायचा. लाइन बंद पडलेल्यांच्या शिव्या ऐकायच्या आणि त्या सभ्य भाषेत वहीत उतरवायच्या, असं मीनल त्याच्या कामाचं वर्णन करायची. मीनल त्याच ऑफिसात नेटवर्क सांभाळायची. त्याला ती एम. ए. म्हणूनच हाक मारायची.

लिसाच्या फोटोत एक गोरी बाई समुद्रकिनारी उभी होती. तिने इंग्रजीत विचारलं होतं, आपण सिंगापूरच्या प्रदर्शनात भेटलो होतो का? प्रज्वलने उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, तुम्ही फार सज्जन दिसता. प्रज्वल तिला ब्लॉक करायला गेला. तेवढ्यात इंग्रजी अक्षरांत पण भलत्याच भाषेत एक ओळ आली.

"पज्या, ब्लॉक नको करू.. मी हाय.."

त्याने ती दोनदा वाचली. मग शेवटची टिंबं पाहिली. मग खुर्चीवर बसला. तो उभा होता हेच त्याला ठाऊक नव्हतं.

पुढे तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं. एका मोठ्या आवारात हजारभर पोरं कोंडलेली. फोन काढून घेतलेले, पारपत्रं कुलपात. दिवसभर कम्प्युटरपुढे बसून बायकांच्या नावाने अनोळखी माणसांना गोड बोलायचं, मग त्यांना लुबाडायचं. जो करणार नाही त्याला मार. वर एक टीएल, टीम लीडर. तो आपल्याकडचाच. हिंदीवाला.

"सगला वाचतो टीएल.. मराठी थोरी समजतो.. आपली नाय समजत.."

म्हणून लिसा दोन ओळी इंग्रजीत प्रेमाच्या लिहायची आणि तिसरी चामटोलीची. प्रज्वलनेही तसंच लिहायचं ठरलं. डिअर लिसा, तुझा आवाज ऐकायला मिळेल का? मना सांग, मारतात का रं?

"इचारू नको.." लिसा म्हणाली.

*

मदत क्रमांकावरच्या बाईंचा आवाज थकलेला होता, पण तुसडा नव्हता. तिकडचे पोलीस त्या आवारात शिरणार आहेत, त्या म्हणाल्या. आपल्याकडे ज्यांची नावं आहेत ती ते पुकारतील. पण माणसाने स्वतः कळवलं पाहिजे. स्वतःच्या खात्यावरून. कुठल्या इमारतीत आहे, कितव्या मजल्यावर, आणि त्याला घरी यायचं आहे.

"मी त्याच्यातर्फे सांगतोय ना," प्रज्वल म्हणाला.

"तुमच्यावर विश्वास आहे हो. पण लिसावर नाही ठेवता येत. एजंटच खोटी नावं घुसवतात. आणि जरा घाई करा. या पोरांना दुसरीकडे हलवायला लागलेत."

भावेशनेही तेच लिहिलं होतं. डोंगरात नवीन जागा बांधली आहे, तिकडे गाड्या जाऊ लागल्या आहेत. तिथून कोणाचा निरोप येत नाही.

अडचण एवढीच की त्याला स्वतःचं खातं उघडता येत नव्हतं. कंपनीची खाती चालत, बाकी सगळं बंद. प्रज्वलने शेवटी मीनलला सगळं सांगितलं. ती उठली आणि ऑफिसचं शटर अर्धं ओढून आली.

"प्रॉक्सी म्हणजे काय, एम. ए.?"

"प्रतिनिधी. दुसऱ्याच्या वतीने जाणारा."

"शाब्बास. पुस्तकं वाया गेली नाहीत. तर त्याचा कम्प्युटर सरळ बाहेर जात नाही. कंपनीचा एक कम्प्युटर मध्ये बसलाय. तो सगळ्यांच्या वतीने बाहेर जातो. नको असेल त्याला सोडत नाही. पण चॅटच्या ॲपमध्ये सेटिंग असते. तिथं या मधल्याचा पत्ता लिहिलेला असतो. तो खोडून आपला लिहिला, की मधले आपण."

"म्हणजे त्याने काय करायचं?"

"सेटिंगमध्ये जायचं. कनेक्शनवर क्लिक. प्रॉक्सीच्या चौकटीत आपला पत्ता, खाली पोर्ट, म्हणजे दार क्रमांक समज. मग नाव, पासवर्ड, सेव्ह. झालं. मी इथं एक कम्प्युटर त्याच्यासाठी चालू ठेवते."

"त्यांना कळणार नाही?"

"कळेल ना. टीएलच्या पडद्यावर याचा ठिपका विझेल." मीनल थांबली. "जेवायच्या सुट्टीत सगळ्यांचेच विझत असतील. विचार त्याला."

विझत होते. सुट्टीत पोरांना खाली जेवायला हाकलत. पोट बिघडलंय म्हणून कोणी वरच पडून राहिला तर हरकत नसे, तेवढंच जेवण वाचायचं. सुट्टी संपली की मात्र टीएल आपल्या जागेवर बसून ठिपके पाहायचा. तोवर जुना पत्ता परत टाकलेला हवा.

"जुना आधी कागदावर लिहून घे म्हणावं," मीनल म्हणाली. "परत लावता नाही आला तर मेला."

ती नेहमीच्या सवयीने बोलून गेली. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

*

पत्ता म्हणजे टिंबांनी जोडलेले चार आकडे. टीएलच्या डोळ्यांदेखत तो पोहोचवायचा होता. रोज एकच तुकडा. लिसा विचारायची, तुमच्या घरी कोण कोण असतं? प्रज्वल आजीचं वय सांगायचा. बोलीत खाली लिहायचा, हा दुसरा. पोर्ट, नाव आणि पासवर्डही असेच तुकड्यांनी गेले. आजीचं वय एकदा एवढं निघालं की मीनल म्हणाली, हिला आता पुरस्कार द्यायला हवा. प्रज्वलला हसू आलं. मग हसल्याचं वाईट वाटलं.

ठरलेल्या दिवशी सकाळी दोघं मीनलच्या पडद्यापुढे बसले. तिकडे दुपारची सुट्टी लागली की इकडे अजून ऑफिस नीट उघडायचं असायचं. काळ्या पडद्यावर काही नव्हतं. बाहेर एक गिऱ्हाईक शटर वाजवून गेलं.

मग एक ओळ उमटली.

"आला," मीनल हळू म्हणाली.

प्रज्वलच्या चॅटमध्ये भावेशच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला. लिसा नव्हे, भावेश. फोटोत क्रिकेटची टोपी घातलेला.

"पज्या.." त्याने लिहिलं.

"बोल. आम्ही हाव," प्रज्वलने लिहिलं.

"आये कशी हाय.."

बरी आहे, म्हणून सांगितलं. तिला काय ठाऊक आहे आणि काय नाही, तेही सांगितलं. तुळशीकाकींना, म्हणजे भावेशच्या आईला, एवढंच माहीत होतं की पोरगा अडकलाय. नाथाकाकांना तेही सांगितलेलं नव्हतं.

मदत क्रमांकावर लिहायला त्या दिवशी वेळ उरला नाही. पासवर्ड दोनदा चुकला होता, त्यात सुट्टी गेली. "परत लावतो.. उद्या करतो.. आयेला आन ना.." आणि मग, "येतो.."

ठिपका तसाच राहिला.

"गेला का नाही अजून?" मीनल म्हणाली. "काय करतोय?"

प्रज्वलला कळलं. भावेशच्या घरात जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात. ते तर सगळेच म्हणतात. पण चामटोलीच्या त्या घरात घरातल्याने ये म्हटल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, असा दंडक होता. परीक्षेला जाताना तुळशीकाकी मागे गोठ्यात होत्या म्हणून भावेश दारात उभा राहिला होता आणि प्रज्वल रिक्षातून बोंबलत होता. सवय नव्हती ती. अंगातच होतं.

त्याने लिहिलं, "ये."

ठिपका विझला. थोड्या वेळाने लिसा आली आणि तिने विचारलं, प्रिय, तू जेवलास का?

*

दुसऱ्या दिवशी तुळशीकाकी रिक्षाने अंबरनाथला आल्या. हातात पिशवी. पिशवीत तांदळाच्या भाकरी आणि सुकटीची चटणी, पोरांसाठी. प्लास्टिकच्या खुर्चीत टोकावर बसल्या. मीनलने शटर पूर्ण ओढलं आणि बाहेर पाटी लावली, लाइनचं काम चालू आहे.

"यात दिसंल काय तो?" काकींनी विचारलं.

"दिसणार नाही काकी. लिहील. मी वाचून दाखवते, प्रज्वल तुमचं लिहील."

"मंग तो हाय का दुसरा कोन, कसा कललं?"

"कळेल तुम्हाला," प्रज्वल म्हणाला.

ओळ उमटली. ठिपका लागला. या वेळी भावेश बोलायला थांबला नाही. तो मदत क्रमांकावर लिहीत असणार. इकडे काहीच दिसत नव्हतं, फक्त मीनलच्या पडद्यावर आकडे सरकत होते, म्हणजे त्याच्या वाटेने काहीतरी जात होतं. तुळशीकाकी त्या आकड्यांकडे बघत होत्या. प्रज्वल आपल्या फोनकडे.

फोन वाजला. बाईच होत्या.

"आला त्याचा मेसेज. इमारत, मजला, सगळं व्यवस्थित लिहिलंय. नाव घेतलं मी. आता त्याला सांगा, कुठे हलू नको म्हणावं. जागेवर राहा. पुकारतील तेव्हा तिथं असला पाहिजे."

प्रज्वलने तसंच लिहिलं. त्यात दोन अक्षरं चुकली.

"समजलं.." भावेश म्हणाला. "आये हाय का.."

"ही काय, बसलीय."

मीनलने घड्याळाकडे पाहिलं. "काकी, थोडाच वेळ आहे हं. त्याला सेटिंग परत करायचीय."

काकी पुढे सरकल्या. एवढे दिवस काय काय विचारायचं ठरवलं असेल. तोंडातून आलं ते एकच.

"इचार, जेवलास का."

प्रज्वलने विचारलं.

"जेवलो आये.."

मीनलने वाचून दाखवलं. काकी म्हणाल्या, "तुमी मना बोल्ले, त्याची जेवाची सुट्टी हाय म्हनून. जेवाच्या सुट्टीत हितं बोलतंय, मंग जेवला कवा? खोटा बोलतं. लिही, खोटा बोलतस."

प्रज्वलने लिहिलं. पलीकडे ओठ हलत असतील, असं त्याला वाटलं.

"रातच्याला जेवन.. तू रडू नको.."

"मी कं रडू. मी नाय रडत." काकींनी पदराने नाक पुसलं. "त्याला बोल, म्हैस व्याली. रेडकू काला हाय, कपालावर चांदवा हाय."

"मस्त.. नाव मी ठेवीन.. कोनाला ठेवू देऊ नको.."

"काकी," मीनल म्हणाली.

"हां हां."

"आये, येतो.." भावेशने लिहिलं.

मीनलने वाचलं. आणि थांबली. प्रज्वलची बोटं कळांवर होती.

काकी बोलल्या नाहीत.

"काकी, ये म्हणा," प्रज्वल म्हणाला.

त्या पडद्याकडे बघत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण हिरवा ठिपका कुठला ते एव्हाना कळलं होतं.

"बोल्लं की जाईल तो," त्या म्हणाल्या.

"जायलाच हवं त्याला. काकी, सुट्टी संपतेय."

"मागच्या टायमाला मीच बोल्ली ना ये. एअरपोर्टला. लगेच बोल्ली. गारी सुटंल म्हनून." त्यांनी हात मांडीवर ठेवले, एकावर एक. "जरा राऊ दे."

"येतो आये.." पुन्हा आलं.

मीनल खुर्चीवरून अर्धी उठली. "प्रज्वल, तू लिही ना. त्यांच्या वतीने लिही."

एकच अक्षर होतं. कालच त्याने ते लिहिलं होतं. पण काल काकी शेजारी नव्हत्या. आज त्या शेजारी बसून म्हणत नव्हत्या, आणि त्यांच्या नावाने त्याला ते लिहवेना. त्याने काकींचा हात धरला.

"काकी. त्याला मारतात."

हे त्याने त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

काकींनी त्याच्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे तोंड करून, जणू पोरगा दारातच उभा आहे, त्या साध्या आवाजात म्हणाल्या, "ये रं बाबा."

प्रज्वलने लिहिलं. निरोपापुढे एक खूण आली. वाचल्याची दुसरी यायला हवी होती.

"टाइप करतोय," मीनल म्हणाली. भावेशच्या नावाखाली तसं दिसत होतं. मग ते गेलं. मग पुन्हा दिसलं. मग गेलं.

ठिपका हिरवाच होता.

"आता विझेल," मीनल म्हणाली. "जुना पत्ता टाकला की विझेल."

तिघंही बघत राहिले. बाहेर कोणी पाटी वाचून चरफडत गेलं. मीनलच्या पडद्यावरची ओळ तिथेच होती. आकडे सरकायचे थांबले होते.

"बंद करू का मी इकडून?" तिने विचारलं. "बंद केलं तर त्याचं ॲप तुटेल. टीएलला दिसेल. चालू ठेवलं तर तिकडच्या पडद्यावर हा गायब. काय करू?"

प्रज्वलने लिसाच्या चॅटमध्ये जाऊन लिहिलं, डिअर लिसा, कशी आहेस? लिसा कुठेच नव्हती.

*

पोलीस त्या आवारात गेले. मदत क्रमांकावरच्या बाईंनी स्वतः फोन केला. इमारत बरोबर होती, मजला बरोबर होता. नाव पुकारलं. शंभरेक पोरं खाली उतरली. भावेश भोईर म्हणून कोणी हात वर केला नाही. त्याच खोलीतल्या एका मुलाने सांगितलं, त्या दुपारी जेवून वर आलो तर टीएल त्याच्या खुर्चीमागे उभा होता. भावेशने त्याच्याकडे पाणी मागितलं. मग त्याला खाली नेलं. डोंगरात जाणाऱ्या गाडीत बसवलं असेल, कदाचित. त्याने गाडी पाहिली नव्हती.

"नाव आमच्याकडे आहे," बाई म्हणाल्या. "काढलेलं नाही. डोंगरातल्या जागेचंही बघतायत."

तुळशीकाकींना प्रज्वलने जाऊन सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि म्हशीला आंबोण कालवत होत्या. रेडकाला अजून नाव नव्हतं. काकी त्याला नुसतं ए म्हणत.

नंतर एका सकाळी ऑफिस उघडलं आणि मीनलने हाक मारली. तिच्या पडद्यावर ओळ होती. त्या आवारातली. प्रज्वलच्या फोनवर भावेशच्या नावापुढे हिरवा ठिपका.

प्रज्वलने लिहिलं, "कोन?"

निरोपापुढे दुसरी खूण आली. कोणी उत्तर दिलं नाही. टाइप करतोय असंही दिसलं नाही. बऱ्याच वेळाने ठिपका गेला.

"तो नाही," मीनल म्हणाली. "कोणीतरी कम्प्युटर लावला असेल. पोलीस असतील, नाहीतर सामान न्यायला आलेले. चालू झाला की ॲप आपोआप उघडतं. सेटिंग तशीच आहे ना त्यात."

"कशी?"

"आपली. त्याने परत लावलीच नाही. आपलाच पत्ता आहे अजून तिथं."

ती कळफलकावर हात ठेवून बसली होती. भावेशसाठी लावलेला तो कम्प्युटर अजून कोपऱ्यात चालू होता. मालकाने दोनदा विचारलं होतं, हा कशाला जळतोय.

"काढून टाकू?" तिने विचारलं.

"नको."

"एम. ए., त्याचा उपयोग नाही आता काही."

"माहीत आहे."

मीनलने वाद घातला नाही. सेटिंगमध्ये जायचं होतं. आपला पत्ता खोडायचा होता, कागदावर लिहून घेतलेला जुना टाकायचा होता, सेव्ह म्हणायचं होतं. पासवर्ड चुकला नाही तर चहा गार व्हायच्या आत होणारं काम. ते भावेशचं होतं, आणि ते राहिलं.